घरचा साबण : खर्च किती, वाईटपणा किती

एक किलो तेलाच्या साबणाला गेल्या खेपेस मला ३४५ रुपये लागले. खोबरेल तेल ३०० ग्रॅम, त्याचे १५० रुपये. पाम तेल ३०० ग्रॅम, ४५ रुपये. राइस ब्रॅन तेवढंच, ५५. एरंडेल १०० ग्रॅम, ३०. कॉस्टिक सोडा १४२ ग्रॅम, २०. डिस्टिल्ड पाणी २८५ ग्रॅम, ५. गवती चहाचं सुगंधी तेल १५ ग्रॅम, त्याचे ४०. या घाण्यातून मुरून वाळल्यावर साधारण शंभर ग्रॅमच्या बारा वड्या निघाल्या. म्हणजे वडी पडली २९ रुपयांना. वास नको असेल तर पंचवीसला. तुमच्या गावातले भाव वेगळे असतील, पण हिशेबाची चाल हीच राहील.

बाजारात बरी वडी तीस-चाळीस रुपयांना मिळते. त्यामुळे पैसे वाचवायला म्हणून कुणी घरी साबण करणार असेल, तर त्याने तो बेत इथेच सोडावा. शिवाय वरच्या हिशेबात भांडी-हत्यारं धरलेली नाहीत. ती धरली की पहिले दहा घाणे वडी सत्तावन्न रुपयांना पडते. आणि सहा वर्षांच्या अनुभवावरून सांगते, पहिल्या दहांतला एखादा घाणा बिघडतोच.

तरीही माणसं साबण करतात, मीही करते. पिठल्यासारखं पातळ मिश्रण हळूहळू श्रीखंडासारखं घट्ट होताना बघायला मजा येते, आणि आपल्या हातची वडी कुणाला देण्यात एक सुख असतं. फक्त या छंदात एक वस्तू अशी आहे की तिच्याशी मजा चालत नाही: कॉस्टिक सोडा.

हत्यारांचा खर्च

चेहऱ्याला चारही बाजूंनी चिकटणारा गॉगल दोनशे रुपये. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे एकशेवीस. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल वजनकाटा चारशे. हँड ब्लेंडर तेराशे. थर्मामीटर अडीचशे. जाड प्लॅस्टिकचे दोन मग दीडशे. त्यांच्या बुडाशी त्रिकोणात ५ हा आकडा बघून घ्या, ते पॉलिप्रॉपिलीन, गरम कॉस्टिकला टिकतं. स्टीलचं पातेलं पाचशे, सिलिकॉनचा साचा साडेतीनशे, सिलिकॉनचं उलथनं शंभर. बेरीज ३,३७०.

यातल्या कशावर पैसे वाचवता येतील? साच्यावर. पुठ्ठ्याचा खोका घ्या, आत बटर पेपर लावा, साचा फुकट. पातेलं घरातलं चालेल, पण एकदा साबणाला वापरलं की स्वयंपाकातून कायमचं बाद. ब्लेंडर महिनाभर मैत्रिणीचा आणता येतो, परत करताना तिला खरं सांगावं लागतं एवढंच. गॉगल, हातमोजे आणि वजनकाटा मिळून ७२० रुपये होतात. हे ७२० जड वाटत असतील तर हा छंद सध्या राहू द्या.

पातेल्याबद्दल मात्र थोडं थांबते, कारण आपल्याकडे इथेच घोळ होतो. आजीच्या वेळची जर्मनची पातेली माळ्यावर पडलेली असतात, 'ती काढू की साबणाला' असं कुणीतरी म्हणतंच. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. कॉस्टिकचं पाणी त्यात पडलं की फसफसतं, पातेलं खाल्लं जातं आणि हायड्रोजन वायू निघतो, जो पेट घेतो. नॉनस्टिकची तीच गत, लेपाखाली बहुधा ॲल्युमिनियमच असतं. पितळी कल्हईचंही नको. कथील आणि जस्त दोन्ही कॉस्टिकपुढे टिकत नाहीत. काचेचा मग चांगला दिसतो, पण कॉस्टिक काच हळूहळू झिजवतं आणि एखाद्या दिवशी ऐन गरम असताना ती तडकते. तेव्हा स्टील किंवा ते पाच नंबरचं प्लॅस्टिक, तिसरं काही नको.

दुकानात गेल्यावर

'सोडा द्या' म्हटलं की दुकानदार तीनपैकी काहीही देऊ शकतो. खाण्याचा सोडा भज्यांचा. धुण्याचा सोडा कपड्यांचा. साबणाला लागतो तो कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. पहिल्या दोघांनी घरगुती तेलाचा साबण होत नाही. ड्रेनेज मोकळं करायची जी पुडी मिळते तिच्यातही कॉस्टिक असतं, पण काहींत ॲल्युमिनियमचे कण किंवा इतर भेसळ असते, म्हणून ती नको. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला रसायनांची दुकानं आहेत, पुण्यात रविवार पेठेत चौकशी करावी. इतरत्र हार्डवेअरवाल्याकडे किंवा प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे मिळेल. पाकिटावर नाव आणि शुद्धता छापलेली हवी, ९८ टक्क्यांच्या वर. सुट्टं, कागदाच्या पुडीतलं घेऊ नका. किलोला मी एकशेचाळीस मोजते. प्रयोगशाळेच्या दर्जाचं दुप्पट-तिप्पट महाग असतं आणि घरच्या साबणाला त्याची गरज नाही.

पावसाळ्यात अर्धा किलोच घ्या. कॉस्टिक हवेतलं पाणी ओढतं, कोकणात आणि मुंबईत तर डबा उघडल्या उघडल्या पापुद्रे ओलसर होतात. ओलं झालेलं कॉस्टिक वजनात भरतं आणि कामात कमी पडतं, मग साबण तेलकट राहतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, वर ठळक नाव लिहून, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा. आणि कालवलेलं कॉस्टिक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. ते दिसतं पाण्यासारखंच. तहानलेलं पोर लेबल वाचत नाही.

लिटर म्हणजे किलो नव्हे

वरच्या माझ्या तेलांचा पूर्ण साबण व्हायला जवळजवळ १५० ग्रॅम कॉस्टिक लागतं. आपण मुद्दाम १४२ घालतो, म्हणजे पाच टक्के तेल मोकळं राहतं आणि कॉस्टिक उरत नाही. ही आठ ग्रॅमची उशी. सगळी सुरक्षितता या उशीवर टेकलेली असते आणि ती कशाने सरकते ते समजून घ्यायला हवं.

तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर बारीक अक्षरात ९१० ग्रॅम असं छापलेलं असतं. तेल पाण्यापेक्षा हलकं. कृतीत हजार ग्रॅम लिहिलेलं असताना तुम्ही हजार मिलिलिटर ओतलंत, तर तेल नव्वद ग्रॅमच्या आसपास कमी पडलं. मग कॉस्टिक १३७ पुरलं असतं, तुम्ही १४२ घातलं. उशी गेलीच, वर पाच ग्रॅम कॉस्टिक वडीत मोकळं राहिलं. म्हणून मापी ग्लास, वाट्या, चमचे सगळं कपाटात ठेवा. तेल, पाणी, कॉस्टिक, सगळं वजनावर.

दुसरी सरक महागाईने आणली आहे. २०२५ साली खोबरेल तेलाने किलोला चारशेचा आकडा ओलांडला आणि ओळखीतल्या दोघीतिघींनी 'त्याऐवजी शेंगदाणा घालू' असं ठरवलं. तेल बदललं, कॉस्टिक मात्र वहीत होतं तेवढंच. आता एक ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं, शेंगदाणा तेलाला ०.१३६. तीनशे ग्रॅमच्या अदलाबदलीत हा फरक चौदा ग्रॅमचा होतो. उशी आठची. उरलेले सहा ग्रॅम अंगाला लागणार. प्रत्येक तेलाचा आकडा वेगळा आहे. तेल बदललं की गणित नव्याने मांडायचं, आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी पडताळायचं. माझी वरची कृतीसुद्धा पडताळल्याशिवाय करू नका, मी घेतलेलं एरंडेल आणि तुमचं एरंडेल सारखंच असेल असं नाही.

'शिकतेय म्हणून आधी थोडाच करते' हाही एक फसवा विचार. दोनशे ग्रॅम तेलाच्या घाण्यात उशी दीड ग्रॅमची असते, आणि एक ग्रॅमच्या काट्याची चूक तेवढ्यात बसते. पाचशे ग्रॅमच्या खाली पहिला घाणा करू नका. करायचाच असेल तर ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा छोटा काटा वेगळा घ्या. तो पाचशेच्या आसपास मिळतो, म्हणजे वाचवलेल्या तेलाचे पैसे त्यात गेलेच.

ओतण्याचा दिवस

कॉस्टिक पाण्यात घालायचं. पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही, नाहीतर उसळून अंगावर येतं. विरघळताना पाणी ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतं आणि नाकाला झोंबणारी वाफ येते, तेव्हा गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी, मगवर न वाकता. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, पायात बंद चपला, केस बांधलेले. मुलं आणि मांजर दाराबाहेर. फोन दुसऱ्या खोलीत. हातमोज्याच्या बोटांनी फोन उचलून कानाला लावण्याचा मूर्खपणा मी स्वतः केला आहे, कान दोन दिवस लाल होता.

अंगावर उडालं तर वाहतं पाणी, निदान वीस मिनिटं, घड्याळ लावून. कोरडे पापुद्रे पडले असतील तर आधी झटकून टाका, मग पाणी. भिजलेला कपडा लगेच काढा. 'अल्कली आहे ना, मग वर लिंबू नाहीतर व्हिनेगर' हे डोकं चालवू नका, त्यात वेळही जातो आणि उष्णता वाढून भाजतं ते वेगळंच. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून नळाखाली, लेन्स असतील तर काढून, आणि धुणं झाल्यावर सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, 'आता बरं वाटतंय' म्हणत थांबायचं नाही. आम्लापेक्षा अल्कली घातक अशासाठी की ती आत उतरत जाते, पेशींतली चरबीसुद्धा साबणासारखी विरघळवते आणि दुखणं कधीकधी उशिरा जाणवतं. पोटात गेलं तर उलटी करवू नका. तोंड धुवा आणि १०८ ला फोन करा. या सगळ्याचा खर्च मी मांडलेला नाही. वीस मिनिटांच्या पाण्याला काही पडत नाही, त्यापुढचं बिल तुमच्या नशिबावर.

ओट्यावर सांडलं तर भरपूर पाण्याने पुसून घ्या. कडाप्प्यावर व्हिनेगर ओतू नका, डाग पडतो. तो दगड चुनखडीचा आहे.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच वर्गात सांगितलेली मी ऐकली नाही. साबण ओतून झाल्यावर पातेलं, ब्लेंडर, मग सिंकमध्ये ठेवून आपण अंघोळीला जातो, आणि अकरा वाजता भांडी घासायला मावशी येतात. उघड्या हातांनी. ताजं मिश्रण अजून पूर्ण साबण झालेलं नसतं, हात भाजतात. ही भांडी वेगळ्या घमेल्यात, झाकून, एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यांचा साबणच झालेला असतो, नुसत्या गरम पाण्याने सुटतात. घासायची ती आपण, मोजे घालून. मावशींना आधी सांगून ठेवा की त्या घमेल्याला हात लावायचा नाही.

वाईटपणा कुठे घ्यायचा

आम्ही सोसायटीतल्या सहा जणी महिन्यातून एकदा माझ्या गॅलरीत साबण करतो. सगळ्यांत मोठ्या काकू अडुसष्ट वर्षांच्या. एकदा त्यांनी साबणात हळद घातली आणि मिश्रण लालभडक झालं. आम्ही सगळ्या तुटून पडलो. 'काकू, हे काय केलंत!', 'कुंकवाचा साबण की काय?' वगैरे. काकू शांतपणे म्हणाल्या, "अगं, हळदीला चुना लागला की कुंकूच होतं. इथे चुन्याच्या जागी कॉस्टिक." त्यांचं बरोबर होतं. मुरताना तो लाल उतरून केशरी-पिवळा झाला.

रंगावरून आम्ही दहा मिनिटं बडबडलो. पण काकूंच्या डोळ्यांवर गॉगल नव्हता, हे आम्हा पाचही जणींना दिसत होतं आणि एकीनेही तोंड उघडलं नाही. माझं घर, मी त्यांना कसं सांगू. बाकीच्या वयाने लहान, त्या कशा सांगणार. 'चष्मा आहे की त्यांना,' असं मी मनात म्हटलंसुद्धा. चष्म्याच्या खालून शिंतोडा आला आणि गालाच्या हाडावर बसला, डोळ्यापासून दोन बोटं खाली. वीस मिनिटं नळाखाली धरलं. तांबूस डाग महिनाभर राहिला.

नंतर चहा पिताना काकूच म्हणाल्या, "रंगावरून एवढं बोललात, गॉगलचं कुणी बोललं नाहीत." कुणाला वाईटपणा घ्यायचा नव्हता. आपल्याकडे हे असंच उलटं चालतं. ज्याने कुणाचं काही बिघडत नाही त्यावर आपण मोकळेपणाने बोलतो: वास उग्र आहे, कड तिरकी कापलीस, साचा कुठून आणलास. आणि ज्याने डोळा जाऊ शकतो तिथे भीड आडवी येते. तेव्हापासून आम्ही ते फिरवलं. रंग, वास, आकार, नक्षी यांवर विचारल्याशिवाय बोलायचं नाही. कॉस्टिकवर कुणीही कुणालाही, त्याच क्षणी, न विचारता.

त्यासाठी शब्द ठरवला आहे: 'थांबा'. तो ऐकला की हातातला मग खाली, झाकण वर, मग कारण विचारायचं. म्हणणारीने माणसाबद्दल बोलायचं नाही, दिसतं तेवढंच सांगायचं. 'काकू, डोळे उघडे आहेत' हे चालतं. 'तुम्हाला किती वेळा सांगायचं' हे चालत नाही. आणि ऐकणारीने 'मी चाळीस वर्षं फोडणी देतेय' हे बोलायचं नाही. इतकी वर्षं काही झालं नाही, हा पुरावा त्या वर्षांपुरता असतो.

न बोलता करण्याचाही एक उपाय आहे आणि त्याला दोनशे रुपये पडतात. गॅलरीच्या दाराशी खिळ्यावर एक जादा गॉगल टांगला आहे. कुणी विसरलं की शेजारची उठून तो हातात देते. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसं ते आता अंगवळणी पडलं आहे.

खोटी घंटा वाजवणं हा याच्या उलटा दोष. नवशिक्या मुलीने पहिली वडी दाखवायला आणली, तिच्यावर पांढरी भुकटी होती. एकजण ओरडली, "बाई गं, कॉस्टिक वर आलंय, टाकून दे!" मुलगी रडवेली. ती भुकटी म्हणजे वडीच्या वरच्या थरातल्या कॉस्टिकला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून झालेला धुण्याचा सोडा, पुसला की जातो. कापल्यावर वडीच्या आत पांढरे खडे किंवा पाण्याचे कप्पे दिसले, तर मात्र तो साबण संशयित. अशा वेळी 'तू काय चुकलीस' असं न म्हणता वही मागायची: कुठलं तेल किती ग्रॅम, कॉस्टिक किती, कुठल्या काट्यावर. दहांत आठ वेळा चूक वहीतच सापडते. सापडली आणि तिचा हिशेब लागला, तर साबण किसून, राहिलेलं तेल घालून, मंद आचेवर पुन्हा शिजवता येतो. हिशेब लागला नाही तर टाकायचा. ३४५ रुपयांसाठी कातडीवर प्रयोग नको. 'टाक' हे सांगणाऱ्या मैत्रिणीला रागवायचं नाही, हे मला दोनदा शिकावं लागलं.

भेट मिळालेल्या साबणाबद्दल कुणी विचारलं, 'कसा वाटला?' तर 'छान' म्हणून सुटका करून घेऊ नका, करणारीला त्याचा काही उपयोग नाही. फेस कसा आला, धुतल्यावर कातडी ओढली का, साबणदाणीत किती दिवस टिकला, हे सांगा. आणि कृती मागू नका. विकणारीची तर नाहीच.

प्रदर्शनात विकत घेताना

हातचा साबण प्रदर्शनात शंभरापासून अडीचशेपर्यंत मिळतो. तेवढे पैसे द्यायला हरकत नाही, पण वेष्टन उलटून बघा. विक्रीसाठी साबण करायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांखाली परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, घटक, वजन, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, मुदत आणि किंमत हवी. 'स्वयंपाकघरातला छंद आहे हो' ही सबब भेट देताना चालते, पैसे घेताना चालत नाही.

'केमिकल-फ्री' असं लिहिलेलं दिसलं की पुढच्या स्टॉलवर जावं. कॉस्टिकशिवाय वडीचा साबण होत नाही. नीट झालेल्या साबणात ते उरत नाही, ही गोष्ट वेगळी. सोरायसिस, इसब बरा करतो असं सांगणारा साबण तर हातात धरूच नका. ते औषधाचे दावे आहेत, त्यांना औषधाचाच परवाना लागतो. वेष्टन कोरं असेल किंवा साबणाने त्वचा जळली, तर बिल आणि वडी जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.

दोन वर्षांपूर्वी एका स्टॉलवर कापलेल्या वडीत मला ते पांढरे खडे दिसले. गिऱ्हाइकांसमोर बोलणं बरं नव्हतं, गप्प बसणं त्याहून वाईट. मी वडी विकत घेतली, दीडशे रुपये. बाजूला जाऊन ओलं बोट तिच्यावर घासलं आणि ते जिभेच्या टोकाला लावलं. मोकळं कॉस्टिक असेल तर नऊ व्होल्टच्या सेलचा बसतो तसा झटका बसतो. बसला. लिटमससारख्या कागदी पट्ट्यांवर साबणाच्या बाबतीत माझा भरवसा नाही, जिभेवर आहे. मग गर्दी ओसरल्यावर बाईंना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी तो माल उचलून पिशवीत टाकला, पण माझ्याशी सहा महिने बोलल्या नाहीत. दीडशे रुपये आणि सहा महिने. मी तो वाईटपणा पुन्हा घेईन.

वर्गाची फी भरण्याआधी

एका दिवसाच्या वर्गाला पंधराशे ते तीन हजार रुपये घेतात. आगाऊ पैसे देण्याआधी फोनवर एवढं विचारा. कॉस्टिक आम्ही स्वतः कालवणार की फक्त बघणार? गॉगल-मोजे प्रत्येकाला मिळणार का? वाहत्या पाण्याचा नळ त्याच खोलीत आहे का? तेल बदललं तर गणित कसं करायचं ते शिकवणार का? चौथ्याचं उत्तर 'तुम्हाला छापील कृती देऊ' असं आलं, तर पैसे वाचवा. छापील कृतीने एकच साबण येतो. आणि शिकवणारी बाई स्वतः बिनगॉगलची दिसली, तर फी भरलेली असली तरी सर्वांसमोर विचारा. पैसे दिलेल्या ठिकाणी भीड ठेवायचं कारण नाही.

मुलांबरोबर करायचा असेल तर तयार साबणाचा बेस आणा. किलोला अडीचशे-तीनशे पडतात. तो वितळवायचा, रंग-वास घालायचा, ओतायचा. त्यातलं कॉस्टिकचं काम कारखान्यात होऊन गेलेलं असतं. गरम बेसने चटका बसतो एवढंच सांभाळायचं. याला 'खरा साबण नव्हे' म्हणून नाक मुरडणाऱ्या माझ्यासारख्या बायकांकडे लक्ष देऊ नका.

दिवाळीच्या अभ्यंगाला मोती साबणाशेजारी आपली वडी ठेवायची असेल, तर ती गणपती विसर्जनाच्या आत ओतलेली हवी. साबण मुरायला सहा आठवडे लागतात आणि पावसाळी हवेत आणखी थोडे. वड्या जाळीवर, एकमेकींना न चिकटता, पंख्याखाली ठेवा. घाम फुटल्यासारखे थेंब आले तर पुसू नका, ते ग्लिसरीन आहे, हवा कोरडी झाली की मुरतं.

पहिल्या खरेदीच्या यादीत गॉगल दोन लिहा.